वैषम्य, नैर्घृण्य आणि ईश्वराचे स्वातंत्र्य

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिला पाद संपत आला असता सूत्रकारांनी ईश्वरावरील दोन आरोप विचारासाठी घेतले आहेत. पहिला वैषम्याचा, म्हणजे पक्षपाताचा. दुसरा नैर्घृण्याचा, म्हणजे निर्दयपणाचा. शांकरभाष्यात पूर्वपक्ष कोणतीही भीड न ठेवता मांडला आहे. देव अत्यंत सुखी, पशू अत्यंत दुःखी आणि मनुष्य मध्यम स्थितीत, अशी सृष्टी ज्याने निर्माण केली त्याच्या ठिकाणी सामान्य माणसासारखेच रागद्वेष असले पाहिजेत. आणि जो प्राण्यांना दुःख देतो व अखेर सर्व प्रजेचा संहार करतो, त्याची क्रूरता तर दुर्जनांनीही निंदावी अशी आहे. या पूर्वपक्षाचे उत्तर एका शब्दात दिले गेले आहे: सापेक्षत्व. ईश्वर विषम सृष्टी करतो ती आपल्या लहरीने करीत नाही. प्राण्यांच्या धर्माधर्माच्या अपेक्षेने करतो.

हे अधिकरण आधुनिक काळात मुख्यतः दुःखाच्या उपपत्तीसंबंधीच्या वाङ्मयात वाचले गेले आहे. आर्थर हर्मन यांचा १९७६ सालचा ग्रंथ आणि व्हिटली कॉफमन यांचा २००५ सालचा निबंध ही त्याची दोन परस्परविरुद्ध टोके होत. पहिल्यास पुनर्जन्माच्या सिद्धान्ताने प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, दुसऱ्यास तो मुळीच सुटलेला दिसत नाही. परंतु दोघांच्याही विवेचनात भर राहिला तो दुःखाच्या समर्थनावर. वस्तुतः सापेक्षत्व हा शब्द उच्चारताच एक वेगळा आणि अधिक मूलगामी प्रश्न उभा राहतो. जो अपेक्षा ठेवतो तो स्वतंत्र कसा? आणि ज्या धर्माधर्माची त्याने अपेक्षा ठेवावयाची, ते धर्माधर्म कोणी ठरविले?

प्रथम आचार्यांचा दृष्टान्त पाहावा. ईश्वर पर्जन्यासारखा आहे, असे ते म्हणतात. भात, जव इत्यादी पिकांच्या उत्पत्तीस पर्जन्य हे साधारण कारण. त्यांच्यातील भेदास त्या त्या बीजातील सामर्थ्य हे असाधारण कारण. त्याचप्रमाणे देवमनुष्यादिकांच्या सृष्टीस ईश्वर साधारण कारण आणि त्यांच्यातील वैषम्यास त्यांची त्यांची कर्मे असाधारण कारण. दृष्टान्त मनोहर आहे आणि जेवढे सिद्ध करण्यासाठी तो योजला आहे तेवढे तो सिद्धही करतो. पर्जन्यावर कोणी पक्षपाताचा आरोप करीत नाही. पण का करीत नाही, याचा विचार केला की दृष्टान्ताची उणीव दिसू लागते. पर्जन्य निर्दोष आहे तो न्यायी आहे म्हणून नव्हे, तर तो अचेतन आहे म्हणून. कोणत्या शेतात कोणते बी पडले आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि एखाद्या शेतावर न पडण्याचा विचारही त्याला करता येत नाही. ज्या गुणामुळे पर्जन्य आरोपातून सुटतो तो गुण ईश्वराच्या ठिकाणी मानता येत नाही.

आणि तो मानता येत नाही हे आचार्य स्वतःच अन्यत्र आग्रहाने सांगतात. तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाच्या शेवटी (३.२.३८ ते ४१) फल कोण देतो, असा प्रश्न आहे. जैमिनींच्या मते धर्मच फल देतो. बादरायणांच्या मते ईश्वर. तेथे सिद्धान्ताच्या बाजूने दिलेले कारण असे की कर्म क्षणिक आहे, ते करताक्षणीच नष्ट होते. आणि त्याच्या मागे अपूर्व नावाचे काही उरते असे मानले तरी ते अचेतन असल्यामुळे चेतनाने प्रवृत्त केल्यावाचून फल देऊ शकणार नाही. म्हणून देशकालाचे विशेष जाणणारा, कर्मानुरूप फल देणारा ईश्वर मानला पाहिजे. येथे ईश्वराची गरज त्याच्या ज्ञानामुळे आहे. म्हणजे एका अधिकरणात ईश्वर निर्दोष ठरतो तो अचेतन पर्जन्याच्या साम्याने. आणि दुसऱ्या अधिकरणात तो अनिवार्य ठरतो तो अचेतनाहून वेगळा असल्यामुळे. जो जाणतो त्याला विचारता येते. जाणणारा फलदाता मानला की वैषम्याचा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो, आणि आता पर्जन्य त्याच्या मदतीला येत नाही.

वाचस्पतिमिश्रांना ही अडचण जाणवली असावी. भामतीत याच सूत्रावर त्यांनी दोन चेतन दृष्टान्त दिले आहेत आणि ते शांकरभाष्यातील दृष्टान्ताहून निःसंशय सरस आहेत. सेवेच्या तारतम्याप्रमाणे वेगवेगळे फल देणारा प्रभू, सेवेची अपेक्षा ठेवतो म्हणून, प्रभू नाहीसा होत नाही. तसेच सभेत नियुक्त झालेला सभ्य, युक्त बोलणाऱ्याला युक्त बोललास म्हणतो आणि अयुक्त बोलणाऱ्याला अयुक्त बोललास म्हणतो, म्हणून तो एकावर अनुरक्त व दुसऱ्याचा द्वेष्टा ठरत नाही. उलट त्याने तसे केले नाही तरच तो पक्षपाती ठरेल. सापेक्षत्वाने ऐश्वर्याला बाध येत नाही, हे दाखविण्यास ही उदाहरणे पुरेशी आहेत. मात्र सभ्याच्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे, ती ही की युक्त काय व अयुक्त काय याची कसोटी सभ्याने केलेली नसते. ती त्याच्या आधीची असते. तो ती केवळ लावतो. आपणच कायदा करून आपणच तो लावणाऱ्याच्या निःपक्षपातीपणाला फारसा अर्थ उरत नाही. कारण पक्षपात कायद्यातच शिरलेला असू शकतो. तेव्हा ईश्वर हा सभ्य असेल, तर धर्माधर्माची मर्यादा ईश्वराच्या इच्छेच्या पलीकडची असली पाहिजे.

ती तशी आहे, असे वाचस्पतिमिश्रांनी स्पष्ट शब्दांत म्हटलेले आढळते. मात्र या अधिकरणात नव्हे, तर ग्रंथाच्या अगदी आरंभी. ब्रह्म हे शास्त्राचे कारण आहे, असे सांगणाऱ्या सूत्रावर (१.१.३) त्यांनी असा पूर्वपक्ष विचारात घेतला आहे की ईश्वर वेदांचा कर्ता असेल तर वेद पौरुषेय ठरतील. त्यावर त्यांचे उत्तर असे: ईश्वर सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान असला तरी पूर्वीच्या सृष्टीला अनुसरूनच तो वेदांची रचना करतो, त्यांच्या बाबतीत तो स्वतंत्र नाही. कोणत्याही सृष्टीत ब्रह्महत्या हितकारक झाली आणि अश्वमेध अनर्थकारक झाला, असे होत नाही. जसा कोणत्याही सृष्टीत अग्नी भिजवीत नाही आणि पाणी जाळीत नाही.

हे विधान भारतीय दर्शनांच्या अभ्यासकांनी जेवढे लक्षात घ्यावयास हवे तेवढे घेतलेले दिसत नाही. प्लेटोच्या यूथिफ्रो या संवादात सॉक्रेटिसाने विचारलेला प्रश्न, म्हणजे एखादे कर्म देवांना प्रिय आहे म्हणून पवित्र की पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय, त्याचे हे निःसंदिग्ध उत्तर आहे. युरोपात या प्रश्नाने सतराव्या शतकात पुन्हा उचल खाल्ली. देकार्तने १६३० साली मेर्सेनला लिहिलेल्या पत्रांत, गणिताची शाश्वत सत्येदेखील राजाने राज्यात कायदे करावेत तशी ईश्वराने स्थापन केली आहेत, असे प्रतिपादन केले. उलट लायब्निट्सने १६८६ च्या आपल्या तत्त्वज्ञानविषयक प्रबंधात असे म्हटले की चांगुलपणा ईश्वराच्या इच्छेवर सोपविला तर ईश्वराची स्तुती निरर्थक होते. कारण त्याने अगदी उलट केले असते तरी तो तितकाच स्तुत्य ठरला असता. वाचस्पतिमिश्र लायब्निट्सच्या पंक्तीला बसतात. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की लायब्निट्सच्या मते ही सत्ये ईश्वराच्या बुद्धीत वसतात, आणि वाचस्पतींच्या मते ती मागच्या कल्पाकडून पुढच्या कल्पाकडे येतात. एकाचा ईश्वर आपल्या ज्ञानाने बांधलेला आहे, दुसऱ्याचा परंपरेने.

या फरकाचे परिणाम दोन. पहिला असा की अद्वैती ईश्वराला लायब्निट्सच्या ईश्वरासमोरचा निवडीचा प्रश्न पडतच नाही. शक्य अशा असंख्य जगांतून सर्वोत्तम जग त्याने निवडले, असे मानले की लगेच विचारता येते: सर्वोत्तमाखेरीज दुसरे काही निवडणे त्याला शक्य होते का? नसेल तर तो स्वतंत्र नाही. असेल तर तो परिपूर्ण नाही. विल्यम रो यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच पेच शेवटपर्यंत ताणला आहे आणि ईश्वराची परिपूर्णता व त्याचे स्वातंत्र्य यांची सांगड बसत नाही, असा निष्कर्ष काढला आहे. अद्वैतात हा पेच उद्भवत नाही, कारण निवडीचा प्रसंगच येत नाही. प्रत्येक सृष्टी मागील सृष्टीच्या कर्मशेषातून निघते, आणि पहिली सृष्टी अशी नाहीच, २.१.३५ मध्ये घेतलेल्या शंकेचे, म्हणजे आरंभी कर्मच नसताना वैषम्य कोठून आले या शंकेचे, उत्तर संसाराच्या अनादित्वाने दिले आहे. दुसरा परिणाम धर्माच्या आशयासंबंधी आहे. त्याकडे पुढे वळावे लागेल.

अनादित्वाच्या उत्तरावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो की त्यामुळे प्रत्येक कडीचा उलगडा होतो, पण साखळीचा होत नाही. हा आक्षेप जेवढा वाटतो तेवढा निर्णायक नाही. साखळी का आहे, हा प्रश्न ज्याने ती घडविली त्याला विचारावयाचा असतो, आणि येथे ती कोणीच घडविलेली नाही. अधिक बिकट प्रश्न साखळीच्या नियमाचा आहे. अमुक कर्माला अमुक फल, ही जोडणी का? तिचे उत्तर वाचस्पतींनी अग्नी आणि पाणी यांच्या दृष्टान्ताने दिले आहे, म्हणजे ती वस्तुस्वभावाच्या कोटीत टाकली आहे.

मग ईश्वराच्या हाती राहिले काय? या ठिकाणी लीलेचे सूत्र (२.१.३३) पुढे येते. आप्तकामाला सृष्टी करण्याचे प्रयोजन काय, या शंकेवर भाष्यकारांनी दोन उदाहरणे दिली आहेत: ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत अशा राजाचे वा अमात्याचे क्रीडाविहार, आणि स्वभावतःच चालणारा श्वासोच्छ्वास. ही दोन उदाहरणे एकाच जातीची नाहीत. क्रीडा ही प्रयोजनशून्य असली तरी इच्छापूर्वक असते. राजाला वाटल्यास तो उद्यानात जाणार नाही. श्वास हा प्रयोजनशून्य तर आहेच, पण इच्छाशून्यही आहे. (श्वास काही काळ रोखता येतो हे खरे, पण भाष्यकारांना श्वासाचा तो विशेष अभिप्रेत नाही.) विशेष असे की १.१.३ वरील भाष्यातही वेदांची उत्पत्ती सांगताना लीला आणि निःश्वास ही दोन उपमाने शेजारी शेजारी आली आहेत. तेव्हा ही अनवधानाने झालेली सरमिसळ नव्हे. ईश्वराचे कर्तृत्व राखावयाचे असेल तेथे क्रीडा उपयोगी पडते. त्याचे दायित्व टाळावयाचे असेल तेथे श्वास. दोन्ही एकत्र ठेवल्याने दोन्ही लाभ मिळाल्यासारखे वाटते, पण क्रीडा करणाऱ्याला ती न करण्याचे स्वातंत्र्य असते आणि म्हणूनच तिच्यात कोणी चिरडला गेल्यास जाब द्यावा लागतो. या सूत्रावरील भाष्याच्या अखेरीस आचार्य सृष्टिश्रुती परमार्थविषयक नाही, असे म्हणून प्रश्न वरच्या पातळीवर नेतात. ते त्यांच्या दर्शनाला धरूनच आहे. परंतु परमार्थात सृष्टी नसेल तर कर्म, फल आणि विधिनिषेधही नाहीत. वैषम्याचा आरोप व्यवहारातला आहे. त्याचे उत्तर व्यवहारातच दिले पाहिजे.

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की अद्वैत वेदान्तात नीती ईश्वराहून स्वतंत्र आहे एवढेच सिद्ध होते. पण दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील एक अधिकरण (२.३.४१, ४२) याहून पुढे जाते. कौषीतकी उपनिषदात असे एक वचन आहे की ज्याला ईश्वर वर नेऊ इच्छितो त्याच्याकडून तो सत्कर्म करवितो आणि ज्याला खाली नेऊ इच्छितो त्याच्याकडून असत्कर्म करवितो. शब्दशः घेतल्यास वैषम्याचा आरोप श्रुतीनेच मान्य केल्यासारखे होते. सूत्रकारांचा निर्णय असा की जीवाचे कर्तृत्व ईश्वराकडूनच येते, परंतु ईश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवून करवितो. तसे न मानल्यास विधी आणि निषेध व्यर्थ होतील. युक्तिवादाची दिशा येथे लक्षपूर्वक पाहावी. ईश्वर असा आहे म्हणून नीती अशी, असे येथे म्हटलेले नाही. नीतीला अर्थ आहे, म्हणून ईश्वर अमुक प्रकारचा असू शकत नाही, असे म्हटले आहे. प्रत्यक्ष श्रुतिवचनाचा अर्थ लावताना निर्णायक ठरली ती विधिनिषेधांची सार्थकता. ईश्वराविषयी काय म्हणता येईल याची मर्यादा नीतीने घातली.

या मर्यादेत प्रयत्नाचा कर्ता खरोखर जीव आहे, हे मात्र पटावयास हवे. शंकराचार्य पूर्वीच्या प्रयत्नाकडे बोट दाखवितात आणि त्याच्यामागे पुन्हा अनादित्व येते. रामानुजांनी श्रीभाष्यात दिलेला दृष्टान्त येथे अधिक उपकारक आहे. दोघांच्या सामायिक मालकीचे धन एकाला दुसऱ्याच्या अनुमतीवाचून परक्यास देता येत नाही. तरी देण्याचा पुढाकार ज्याचा, फलही त्याचेच. अंतर्यामी ईश्वर अनुमती देतो, पहिला उद्योग जीवाचा. व्यवहारशास्त्रातून घेतलेला हा दृष्टान्त कर्तृत्वाची वाटणी नेमकी करतो. त्यात अडचण एकच आहे. अनुमती नाकारण्याचा अधिकार असताना जो ती देतो, त्याच्याकडे धनापुरते नसले तरी हिंसेपुरते काही दायित्व येतेच. सामायिक धन उधळू देणारा भागीदार आणि सामायिक घरात खून होऊ देणारा भागीदार यांना कोणतेही न्यायालय एकाच मापाने मोजणार नाही. मध्वाचार्यांनी वेगळी वाट धरली: ईश्वर कर्माची अपेक्षा ठेवतो खरा, पण कर्माचे अस्तित्वच त्याच्या अधीन असल्यामुळे त्या अपेक्षेने त्याच्या स्वातंत्र्याला उणेपणा येत नाही. ईश्वराच्या स्वातंत्र्याचे इतके धीट समर्थन दुसऱ्या कोणत्याही वेदान्त्याने केले नसेल. पण वैषम्याच्या आरोपापुढे ते सर्वांत उघडे पडते.

मराठीत हा वाद ज्या स्वरूपात उतरला ते स्वरूप थोडे अनपेक्षित आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि फलाच्या वैषम्याची जबाबदारी वेदान्तसूत्रांप्रमाणे जीवाच्या कर्मावर टाकली आहे. पण नीतीचा पाया शोधताना त्यांनी आधिदैवत पक्ष नाकारला आणि आत्मौपम्य व साम्यबुद्धी यांचा आश्रय घेतला. ईश्वराची आज्ञा हा पाया धरला नाही. सुधारकाचे संपादक आगरकर दुसऱ्या टोकावरून निघाले. नीतीला ईश्वराच्या अस्तित्वाची गरज नाही, मनुष्याच्या सुखाची व विवेकाची आहे, हे त्यांच्या निबंधांचे सूत्र होते. दोघांचे मतभेद महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. या एका मुद्द्यावर दोघेही वाचस्पतींच्या बाजूला उभे आहेत, हे सहसा सांगितले जात नाही.

आता धर्माच्या आशयाकडे. नीती ईश्वराच्या इच्छेपासून मुक्त झाली म्हणजे ती चिकित्सेला मोकळी झाली, असा समज होणे साहजिक आहे. वाचस्पतींची उदाहरणेच तो समज खोडून काढतात. ब्रह्महत्या सदैव अनर्थकारक आणि अश्वमेध सदैव हितकारक. पहिल्या उदाहरणाशी कोणाचेच भांडण नाही, मात्र वधाच्या निषेधाचे उदाहरण म्हणून वध्याचा वर्ण पुढे यावा हे बोलके आहे. दुसऱ्या उदाहरणाशी सांख्यांचे आणि बौद्धांचे भांडण प्राचीन आहे. यज्ञातील पशुहिंसेत दोष आहे, असे त्यांनी स्वच्छ म्हटले होते. अग्नी भिजवीत नाही हे कोणालाही बोट पोळून पडताळता येते. अश्वमेध हितकारक आहे हे पडताळण्याचे साधन वचनाखेरीज दुसरे नाही. दोन्ही एका ओळीत बसविल्याने वचनाला स्वभावाचे अढळपण मिळाले. ईश्वराच्या लहरीपासून नीतीचे रक्षण झाले, पण ते तिला ग्रंथाच्या स्वाधीन करून. लहरी राजा एखादे दिवशी दया दाखवू शकतो. ज्या कायद्याचा कर्ताच नाही, त्याच्यापुढे विनंतीही करता येत नाही.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. वेदाचे नित्यत्व आणि कल्पाकल्पांतील समाननामरूपत्व ज्या पादात प्रतिपादिले आहे (१.३.२८ ते ३०), त्याच पादात चार सूत्रांच्या अंतरावर शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाकारणारे अधिकरण येते (१.३.३४ ते ३८). सापेक्षत्वाच्या सिद्धान्ताची सामाजिक किंमत याच ठिकाणी मोजली पाहिजे. ईश्वर निर्दोष ठरला तो प्राण्याच्या कर्मामुळे. म्हणजे जो हीन स्थितीत जन्मला त्याच्या कर्मामुळे. आरोपी सुटला आणि फिर्यादीच दोषी ठरला. डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारताना नेमके यावर बोट ठेवले: दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यसंस्थेने आणि समाजाने टाळावी, यापलीकडे या सिद्धान्ताला प्रयोजन दिसत नाही.

वेदान्ताच्या बाजूने यावर असे म्हणता येईल की सूत्रकारांना सर्वसामान्य शक्यताच दाखवावयाची होती. अमुक मनुष्याचे दुःख अमुक पापाचे फल, असा निवाडा करण्याचा अधिकार त्यांनी कोणाला दिलेला नाही. अदृष्ट हे नावाप्रमाणेच अदृष्ट आहे, प्रत्यक्षाने वा अनुमानाने ते कोणाला वाचता येत नाही. हा बचाव प्रामाणिक आहे आणि सूत्रांपुरता तो टिकतोही. परंतु परंपरेने तो पाळला नाही. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या पापाला कोणती योनी याची यादी दिलेली आहेच. आणि खुद्द भाष्यात, अपशूद्राधिकरणाच्या अखेरीस, विदुर आणि धर्मव्याध यांचे उदाहरण अंगावर येते, तेव्हा काय होते ते पाहण्यासारखे आहे. हे दोघे त्या त्या वर्णात जन्मूनही ज्ञानी होते, हे नाकारता येत नाही. आचार्य ते नाकारीत नाहीत. इतिहासपुराणे ऐकण्याचा अधिकार चारही वर्णांना आहे, हेही ते मान्य करतात. परंतु त्या दोघांचे ज्ञान पूर्वजन्मीच्या संस्कारांतून आले, असे ते म्हणतात. शूद्राचे अज्ञान पूर्वकर्मामुळे, आणि शूद्राच्या ठिकाणी ज्ञान दिसले तर तेही पूर्वकर्मामुळे.